राष्ट्रप्रमुख येण्याआधी: दौऱ्याची तयारी आणि आपलं कोकण

कातळसडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

थिबा राजवाड्यावरच्या धाग्यात परवा कुणीतरी लिहिलं होतं, "म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष आले तेव्हा रस्ते गुळगुळीत झाले, बाकी काय?" उत्तर तिथेच लिहिणार होतो, पण विषय मोठा निघाला म्हणून वेगळा धागा काढतोय. सार्वजनिक बांधकाम खात्यात माझं आयुष्य गेलं. मंत्री, राज्यपाल, राष्ट्रपती येणार म्हटलं की हेलिपॅड, रस्ते आणि विश्रामगृह आमच्याकडे यायचं. त्यामुळे दौऱ्याची मागची बाजू जवळून पाहिली आहे, आणि ती इथल्या लोकांना माहीत असावी असं मनापासून वाटतं.

आधी २०१२. त्या डिसेंबरात आसियान (आग्नेय आशियातल्या देशांची संघटना) आणि भारत यांच्या संबंधांना २० वर्षं झाली म्हणून दिल्लीत शिखर परिषद भरली होती. तिला आलेले राष्ट्राध्यक्ष थेन सेन पुढे रत्नागिरीला आले, थिबा राजवाड्यात आणि राजाच्या समाधीवर गेले. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. १८८५ मध्ये त्याची राजधानी मंडाले पडली, इंग्रजांनी राजाराणीला आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. आज आपण पाहतो तो राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला, म्हणजे राजाला तो जेमतेम सहा वर्षं लाभला. १९१६ मध्ये तो इथेच वारला. देह मायदेशी नेऊ द्या, ही राणीची विनंती इंग्रजांनी मानली नाही.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. त्याच वर्षी मे महिन्यात पंतप्रधान मनमोहन सिंग म्यानमारला गेले होते आणि यांगूनमध्ये बहादूरशहा जफरच्या कबरीवर गेले होते. त्याआधी २००६ मध्ये राष्ट्रपती कलामही तिथे जाऊन आले होते. इंग्रजांनी आपला बादशहा तिकडे नेऊन ठेवला आणि त्यांचा राजा इकडे आणला. मे महिन्यात आपले पंतप्रधान तिकडच्या कबरीपुढे उभे राहिले आणि डिसेंबरात त्यांचे राष्ट्राध्यक्ष आपल्याकडच्या. मला तरी यात योगायोग दिसत नाही. पाहुण्याच्या कार्यक्रमात दिल्लीपासून इतकं लांब असलेलं गाव येतं, तेव्हा ती एक ओळ कुणीतरी विचार करून घातलेली असते.

अशी ओळ कागदावर आली की पुढचं चक्र सुरू होतं. तारखा दोन्हीकडच्या दूतावासांमार्फत ठरतात. दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाचा प्रोटोकॉल विभाग सगळ्याची मोट बांधतो. पाहुण्यांचं पथक आधी येऊन जागा बघतं: गाडी कुठे थांबणार, दरवाजा कोण उघडणार, राष्ट्राध्यक्ष किती पावलं चालणार, पायऱ्या किती, ऊन कुठून येतं. राज्याची राजशिष्टाचार शाखा जिल्हाधिकाऱ्यांना कळवते आणि मग जिल्ह्यात बैठकांचा सपाटा लागतो. पोलीस, आरोग्य, महावितरण, नगरपरिषद, अन्न व औषध प्रशासन, दूरसंचार आणि आम्ही. हातात 'मिनिट टू मिनिट' कार्यक्रम. त्यात १०.४२ ला आगमन आणि १०.४५ ला पुष्पचक्र असं लिहिलेलं असतं, आणि त्या तीन मिनिटांसाठी शेकडो माणसं राबतात. ताफ्यातल्या रुग्णवाहिकेत पाहुण्याच्या रक्तगटाचं रक्त लागतं. जेवण आधी तपासलं जातं. मुख्य रस्ता अडला तर दुसरा तयार ठेवावा लागतो. मग रंगीत तालीम, रिकाम्या गाडीला राष्ट्राध्यक्ष समजून.

हेलिपॅडचं जरा सविस्तर सांगतो, कारण ते माझं काम. लोकांना वाटतं, कोकणात सडे आहेतच, सपाट कातळ, मारला चुन्याचा 'एच' की झालं. जांभ्याच्या कातळावर वरच्या अंगाला सुट्या खड्यांचा थर असतो. हेलिकॉप्टर खाली येताना पंख्याचा वारा ते खडे गोळीसारखे उडवतो. डिसेंबरातलं वाळकं गवतही त्यात उडतं. म्हणून सडा अक्षरशः झाडून काढावा लागतो, खराट्यांनी, बाया-पुरुष लावून. मग रोलर, मग पाणी. कातळ पाणी धरून ठेवत नाही, उन्हात बघता बघता वाळतो, म्हणून टँकर शेवटच्या घटकेपर्यंत उभा लागतो. उतरण्याच्या वाटेत विजेची तार, माड, टॉवर काही आहे का ते बघायचं. वारा कळायला कापडी मोजा लावायचा. हवाई दल आधी येऊन उतरून बघतं. एवढं करून दौऱ्याच्या दिवशी आम्ही त्या जागेपासून लांब, दोराच्या पलीकडे उभे.

मला या धाग्यातून एक मुद्दा मांडायचा आहे. पाहुण्याचं विमान उतरतं तेव्हा दौऱ्याचं बहुतेक काम आटपलेलं असतं. काय दाखवायचं, काय द्यायचं, कशावर सही करायची, हे सगळं आधीच्या महिन्यांत ठरतं. त्या महिन्यांत कोकणाच्या वतीने कुणीतरी हातात कागद घेऊन तिथे असायला हवं. आपण नेहमी ताफा गेल्यावर बोलायला लागतो. ज्यांना यातलं काही माहीत आहे त्यांनी लिहावं.

---

गडवाट

काका, फार सुंदर धागा. वाचनखूण साठवली आहे.

तुम्ही म्हणता ते महाडच्या बाजूला साडेतीनशे वर्षांपूर्वी घडून गेलंय. १६७४ च्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून निघाला. चौल, अष्टमी, निजामपूर करत रायगडाखालच्या पाचाडला पोचला. महाराज तेव्हा भवानीच्या दर्शनाला प्रतापगडी गेले होते, म्हणून वकिलाला पायथ्याशी थांबावं लागलं. त्या दिवसांत त्याने महाराजांच्या दरबारातल्या निराजी पंडितांशी बोलणी केली, नजराणे कुणाला काय द्यायचे ते ठरवलं. राज्याभिषेकाच्या दरबारात तो हजर राहिला, मुजरा केला, हिऱ्याची अंगठी नजर केली. पण त्याचा खरा ऐवज म्हणजे सोबत आणलेला २० कलमांचा मसुदा.

त्यात राजापूरच्या वखारीच्या नुकसानभरपाईची मागणी होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरकर इंग्रजांनी सिद्दी जौहरच्या बाजूने तोफा डागल्या होत्या आणि १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटून त्याची परतफेड केली होती. भरपाईचं मान्य झालं. पण दोन कलमं अडली, आणि ती वाचताना मला दर वेळी भरून येतं.

एक नाण्याचं. इंग्रजांचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं असं कलम होतं. महाराजांचं उत्तर असं की मी कुठल्याच नाण्याला बंदी करत नाही, पण ज्यात रयतेला तोटा होईल ते नाणं घ्यायला तिला भागही पाडणार नाही. तुमचं नाणं कसाला आणि वजनाला इतरांच्या तोडीचं असेल तर आपोआप चालेल.

दुसरं फुटलेल्या जहाजांचं. किनाऱ्याला लागलेलं इंग्रजी जहाज आणि त्यातला माल परत मिळावा, अशी मागणी. त्यावर उत्तर मिळालं की हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, तुम्हाला दिलं तर फ्रेंच, डच आणि बाकीचे व्यापारीही तेच मागतील.

म्हणजे राज्याभिषेकाची धामधूम चालू, पाहुणा दारात, आणि तरी रयतेचा तोटा आणि किनाऱ्याचा रिवाज या दोन गोष्टी कुणी नजरेआड केल्या नाहीत.

अवांतर: पाहुणचाराची एक नोंद त्याच काळातली. या इंग्रजांना मटणाशिवाय चालेना. शेवटी एक म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून त्यांना बघायला आला, कारण महिनाभरात त्यांनी जेवढं मटण संपवलं तेवढं त्याने कित्येक वर्षांत विकलं नव्हतं.

---

माडबागायत

वाचतोय. नारळाचं सांगतो. नोव्हेंबर २०१० मध्ये ओबामा मुंबईत आले, गावदेवीच्या मणिभवनात जाणार होते. त्याआधी तिथल्या माडांचे नारळ उतरवून घेतले होते, डोक्यात पडू नयेत म्हणून. परदेशी वृत्तसंस्थांनी मोठी गंमत म्हणून छापलं. आमच्याकडे कुणालाही विचारा, शहाळ्याने लगडलेल्या माडाखाली आपण पोरांना खेळू देत नाही. ज्याने हे सुचवलं तो माड ओळखणारा माणूस होता.

---

देवगडची_पेटी

कातळसडा, तुमच्या मुद्द्याला आमच्या आंब्याचा दाखला देतो.

अमेरिकेत भारतीय आंबा १९८९ पासून बंद होता. कारण फळमाशी आणि कोयकिडा. मार्च २००६ मध्ये अध्यक्ष बुश दिल्लीला आले, पेपरात सगळीकडे अणुकरार. पण त्याच दौऱ्यात आंब्याचाही विषय झाला आणि अमेरिका भारतीय आंबा खायला उत्सुक आहे असं बुश स्वतः बोलले. लोकांना ते पाहुण्याचं गोड बोलणं वाटलं. त्यामागे किडीचा अभ्यास, विकिरणाची मात्रा आणि तपासणी कुणी करायची यावरची वाटाघाट होती. फळाला कमीत कमी ४०० ग्रे (विकिरण मोजायचं एकक) मात्रा द्यायची, ती अमेरिकेने मान्य केलेल्या केंद्रातच आणि त्यांच्या निरीक्षकांसमोर. असं केंद्र होतं लासलगावला, कांद्यासाठी उभारलेलं. तिथून प्रक्रिया होऊन एप्रिल २००७ च्या अखेरीला पहिला माल गेला, हापूस आणि केसर. १८ वर्षांनी.

आता बागायतदाराच्या बाजूने बघा. देवगडहून लासलगाव म्हणजे घाट चढून नाशिक जिल्ह्यात, तेही एप्रिलच्या उन्हात. हापूस आधीच नाजूक, साक्याची, म्हणजे आतून गर खराब होण्याची, भीती वेगळी. तिथून मुंबईचा विमानतळ. कोकणचा आंबा कोकणातून निघून परत समुद्राकडे यायचा. पुढे वाशीला पणन मंडळाचं केंद्र झालं तेव्हा जरा सुसह्य झालं. तेव्हा बोलणी चालू असतानाच रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांनी केंद्र किनाऱ्यावर मागितलं असतं आणि ते कुणी ऐकलं असतं, तर सुरुवातीची ती वर्षं अशी गेली नसती. दौऱ्याने आमचं भलंच केलं, ते मी कधी नाकारणार नाही. पण त्या टेबलावर आंबा होता, आंबेवाला नव्हता.

---

हर्णै_फेरी

मस्त चालू आहे. एक शंका. स्टेट व्हिजिट आणि वर्किंग व्हिजिट यात फरक काय असतो?

---

चाणक्यपुरी

हर्णै_फेरी, मी दिल्लीत या कामाच्या परिसरात बरीच वर्षं होते, थोडक्यात सांगते. स्टेट व्हिजिट हा मानाचा सगळ्यात वरचा प्रकार, तिथे यजमान आपले राष्ट्रपती. राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात समारंभपूर्वक स्वागत, तिन्ही दलांची मानवंदना, २१ तोफांची सलामी, राजघाटावर पुष्पचक्र, हैदराबाद हाऊसमध्ये शिष्टमंडळांची चर्चा, रात्री राष्ट्रपतींची मेजवानी. वर्किंग व्हिजिटमध्ये हा थाट बाजूला ठेवून थेट कामावर यायचं. कुणाला कुठला मान द्यायचा यावरही दोन्ही बाजूंची चर्चा होते, आणि त्यातून संबंध किती जवळचे ते लगेच कळतं.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. दौऱ्याची तारीख जाहीर होते तेव्हा प्रत्येक खात्याला विचारलं जातं, तुमच्याकडे जाहीर करण्यासारखं काय तयार आहे? त्याची यादी होते. संयुक्त निवेदनाचा मसुदा दोन्हीकडे फिरतो, ज्या वाक्यावर एकमत नाही ते चौकोनी कंसात ठेवतात, आणि शेवटच्या रात्रीपर्यंत एकेक कंस सुटत जातो. तुम्हा कोणाला ही घाई वाटेल. पण तारीख आली की फाइल पळते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वर्षानुवर्षं तीन खात्यांत फिरणारा करार पाहुणा येतो म्हणून महिन्यात मार्गी लागतो. आंब्याचंच बघा ना. बुश आले नसते तर तो विषय किती वर्षं रेंगाळला असता कोण जाणे.

---

नाटेबंदर

चाणक्यपुरी ताई, तुमचा मान राखून लिहितो, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. तारीख आली की फाइल पळते, ती आमच्या अंगावरून पळाली आहे.

२०१० हे मोठ्या पाहुण्यांचं वर्ष होतं. सुरक्षा परिषदेच्या पाचही कायम सदस्यांचे नेते त्या वर्षी भारतात येऊन गेले. फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांच्या आणि मनमोहन सिंगांच्या उपस्थितीत जैतापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांसाठी फ्रान्सची आरेवा कंपनी आणि आपलं अणुऊर्जा महामंडळ यांचा चौकट करार झाला. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी कधी जाहीर झाली? २८ नोव्हेंबरला. आठ दिवस आधी. ३५ अटी घालून. आता मला सांगा, सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅट, माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या भागातली ९३८ हेक्टर जमीन, समोर आमचं मासेमारीचं पाणी, खाडीत आमची कालवं (शिंपल्यातली). हे सगळं बघून झालं आणि नेमकं त्याच आठवड्यात संपलं, यावर आमच्या बायाबापड्यांनी विश्वास कसा ठेवायचा?

सुनावणी झाली, अहवाल झाले, ते मला माहीत आहे. पण समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याने मासा किनाऱ्यापासून किती लांब जाईल, हा साधा प्रश्न आमचे लोक विचारत होते आणि त्यांना समजेल असं उत्तर कुणी दिलं नाही. जमिनीच्या मोबदल्याचे धनादेश नाकारणारी माणसं पैशासाठी अडून बसली होती असं म्हणता येईल का? १८ एप्रिल २०११ ला साखरीनाट्यात गोळीबार झाला, आमच्यातला एक जण गेला. त्या दिवसाचं बंदर मी विसरू शकत नाही. होड्या सगळ्या किनाऱ्यावर आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.

त्यानंतर फ्रान्सचा अध्यक्ष भारतात आला की निवेदनात जैतापूर हमखास शोधायचं, ही आम्हाला सवयच लागली. मार्च २०१८ मध्ये मॅक्रॉन आले, पुढच्या वाटचालीचा करार झाला, या वेळी आरेवाच्या जागी ईडीएफ ही फ्रान्सचीच वीज कंपनी. एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफने सहा भट्ट्यांचा तांत्रिक आणि व्यापारी प्रस्ताव दिला. भट्टी अजून एकही उभी नाही. मग २०१० मध्ये आठ दिवसांची ती घाई कुणासाठी केली होती?

---

मालवणी_मुलूख

गाववाल्यांनू, ह्या सगळा वाचून बरा वाटला. माका ल्हानशीच गोष्ट सांगायची आसा. किनाऱ्यार मोठो माणूस येतलो म्हटल्यार पयलो निरोप येता तो होडयेवाल्यांका, उद्या दर्यात जावचा नाय. बंदोबस्तासाठी थांबाक आमची ना नाय, पावण्याक काय झाला तर बदनामी आमच्याच गावाची. पण निरोप येता आदल्या राती. तवसर बरफ घेतलेलो आसता, डिझेल भरलेला आसता, खलाशी येवन बसलेले आसतत. बरफ काय दुसऱ्या दिवसाक ऱ्हवता? चार दिस आदी सांगा, आमी बरफ घेवचवच नाय. एवढाच मागणा.

---

गडवाट

मालवणी_मुलूख दादा, +१. हे तर कुणालाही सहज जमण्यासारखं आहे.

वेळेत सांगितलं तर ऐकलं जातं, याचं रायगडावरचंच उदाहरण देतो. ६ डिसेंबर २०२१ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद गडावर आले. हेलिकॉप्टर थेट गडावर उतरवण्याचा विचार असल्याचं कळलं तेव्हा शिवभक्तांनी आधीच हरकत घेतली, कारण पंख्याच्या वाऱ्याने उडणारी धूळ-माती होळीच्या माळावरच्या महाराजांच्या पुतळ्यावर जाते. राष्ट्रपतींनी ते मानलं आणि रोपवेने गडावर आले. देशाच्या राष्ट्रपतींसाठी हिरकणीवाडीच्या रोपवेचा मार्ग धरायचा म्हणजे सुरक्षेच्या माणसांना सगळा आराखडा नव्याने करावा लागला असणार. तो त्यांनी केला. त्या दिवशी गडावर जे होते त्यांना या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं होतं.

---

चाणक्यपुरी

नाटेबंदर दादा, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मंजुरीच्या वेळी राजनैतिक बाजूचाही विचार झाला होता, हे सरकारने लपवलं नव्हतं आणि मीही नाकारत नाही. मित्रदेशाला दिलेला शब्द पाळण्यालाही किंमत असते, इतकंच माझं म्हणणं. पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं गावात, गावाला कळतील अशी, दौऱ्याच्या कितीतरी आधी द्यायला हवी होती. त्यासाठी अध्यक्ष यायची वाट बघायची गरजच नव्हती.

---

कातळसडा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. काढला तेव्हा धागा एवढा भरेल असं वाटलं नव्हतं.

चाणक्यपुरी ताई, फाइल पळते हे खरं. आम्हीही बघितलंय, वर्षानुवर्षं न मिळालेला डांबराचा निधी आठवड्यात आलेला. पण यात मी नाटेबंदर यांच्या बाजूचा आहे. दौऱ्यासाठी घाईत केलेला रस्ता पहिल्या पावसात उखडला तर पुढच्या वर्षी पुन्हा करता येतो. जमीन आणि समुद्र यांच्याबाबत घाईत घेतलेला निर्णय असा पुन्हा करता येत नाही. पाहुण्याची तारीख हलत नाही म्हणून अभ्यासाची तारीख अलीकडे ओढायची, हे मला पटत नाही. तयार नसेल तर निवेदनात "चर्चा चालू आहे" असं एक वाक्य घालता येतं, आणि अशी वाक्यं प्रत्येक निवेदनात असतात. त्याने मैत्री तुटत नाही. ऑक्झेंडनला दोन कलमांवर नकार मिळाला आणि तरी तह झालाच की.

आता करता येण्यासारखं काय, ते कार्यालयीन अनुभवावरून सांगतो. दौरा जाहीर झाल्यावर निवेदनं द्यायला गर्दी होते, तेव्हा सगळे बंदोबस्तात अडकलेले असतात आणि कागद कुणी वाचत नाही. मच्छीमार सोसायट्यांनी कुठला दौरा नसतानाच जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावं की किनाऱ्यावरच्या कुठल्याही बंदोबस्तात समुद्रबंदीची सूचना किती आधी आणि कुणामार्फत मिळावी. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडावा. प्रत पोलीस अधीक्षक, मत्स्यव्यवसाय विभाग आणि राजशिष्टाचार शाखेला. पोच घ्यावी, आवक क्रमांक जपून ठेवावा. पुढचा दौरा येतो तेव्हा बैठकीची टिपणी तयार करणारा कारकून जुनी फाइल काढतो, आणि तिच्यात जे असतं तेच टिपणीत उतरतं. मी स्वतः अशा टिपण्यांत जुन्या पत्रांचे संदर्भ आलेले पाहिले आहेत, अगदी बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या काळातल्या पत्रांचेसुद्धा.

बागायतदारांनी असंच पणन मंडळ आणि अपेडाला (शेतमालाच्या निर्यातीचं केंद्र सरकारचं प्राधिकरण) द्यावं. कुठल्या देशाशी फळांच्या आयातीची बोलणी चालू आहेत ते त्यांना आधी कळतं.

भेटवस्तूंचंही सुचवा. पाहुण्याला काय द्यायचं याचा शोध नेहमी शेवटच्या आठवड्यात होतो आणि मग मुंबईच्या दुकानातून काहीतरी येतं. सावंतवाडीची हाताने रंगवलेली गंजिफा (जुने गोल पत्ते) आणि लाकडी काम करणाऱ्या कारागिरांची माहिती जिल्हा कार्यालयात आधीच असली, तर त्यांना कामही मिळेल आणि करायला पुरेसा वेळही. घाईत रंगवलेली गंजिफा बघवत नाही.

नाटेबंदर, तुमच्या सोसायटीला जमत असेल तर पत्राचा कच्चा मसुदा इथेच टाका. कार्यालयीन भाषेत बसवून द्यायचं काम माझं. मालवणी_मुलूख, तुमचा बर्फाचा मुद्दा त्यात पहिल्या परिच्छेदात घेऊ, कारण तो कुणालाही नाकारता येणार नाही.

---

मालवणी_मुलूख

घेवा घेवा. आमच्या बंदरातल्या सोसायटीचोय ठराव करून घेतंय.

---

नाटेबंदर

काका, टाकतो. शनिवारी आमची बैठक आहे, तिथे वाचून दाखवतो आणि रात्री इथे देतो. गरम पाण्याचा प्रश्न वेगळ्या पत्रात घालू का? एकाच पत्रात दोन विषय आले की एकाचं उत्तर येतं आणि दुसरा राहून जातो, असा आमचा अनुभव आहे.

---

कातळसडा (धागाकर्ता)

वेगळ्याच पत्रात घाला. आणि त्यावर ३५ अटींपैकी तुमच्या पाण्याशी संबंधित अटी कुठल्या, त्यांचे क्रमांक लिहा. क्रमांक असला की खात्याला उत्तर द्यावं लागतं.